मांजर, बकरा आणि पोटातले जंत : ओळख, औषध आणि घरच्यांची काळजी

दरवर्षी शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. वर्गात उभं राहून प्रत्येक मूल गोळी चावून खातंय की नाही हे बघायचं काम आम्हा शिक्षकांचं. मागच्या खेपेला सहावीतल्या एका मुलीने गोळी तोंडात न टाकता रुमालात गुंडाळली. विचारलं तर म्हणाली, "सर, घरी मांजराचं पिल्लू आहे. त्याचं पोट फुगलंय. अम्मी म्हणते जंत झालेत. अर्धी त्याला देते, अर्धी मी खाते."

आम्ही तिला ती गोळी तिथेच खायला लावली आणि पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन जा म्हणून सांगितलं. तिची नियत चांगली होती, पण ती अर्धी गोळी त्या पिल्लाला महागात पडली असती. आपल्या मोहल्ल्यांत मांजर नाही असं घर कमीच. गावाकडे दारात दोन-चार शेळ्या असतात, आणि बकरी ईदच्या आधी शहरातल्या इमारतींच्या आवारातही बोकड बांधलेले दिसतात. जनावरावर जीव लावणारे आपण, पण त्याच्या पोटातल्या जंतांबद्दल आपली माहिती बहुतेक ऐकीव असते. म्हणून ही माहिती एका जागी मांडत आहोत. औषधाचं प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

पोट गोल म्हणजे तब्येत चांगली?

काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी मांजरीला चार पिल्लं झाली. पोटं गोल गोल, म्हणून आम्ही खूश होतो की आईचं दूध भरपूर मिळतंय. पाठीवर हात फिरवला असता तर मणके हाताला लागले असते, पण तसा हात कोणी फिरवला नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी एका पिल्लाने उलटी केली. उलटीत शिजलेल्या शेवयांसारखा जंतांचा गुंता होता. दुपारपर्यंत ते पिल्लू गेलं. उरलेल्या तिघांना डॉक्टरांकडे नेलं, औषध झालं, ती वाचली. डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे आधी आणायला हवं होतं." तेव्हापासून एक गोष्ट पक्की लक्षात राहिली आहे. पोट मोठं आणि पाठ-बरगड्या हाडकुळ्या असं दिसलं, तर ती तब्येत नाही, जंत असण्याची शक्यता आहे.

कोणते जंत, कुठून येतात?

गोल जंत : मांजर आणि कुत्र्यांत सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. पांढरट, शेवयांसारखा, मांजरात साधारण ३ ते १० सेंटिमीटर लांब. मांजराच्या पिल्लांना हे जंत आईच्या दुधातून मिळतात. कुत्र्याच्या पिल्लांना तर जन्माआधी, आईच्या पोटातच लागण होते. म्हणजे पिल्लू घराबाहेर गेलेलंच नाही, मग जंत कुठून येणार, हा युक्तिवाद चालत नाही. मोठं मांजर उंदीर खाऊन किंवा मातीतली अंडी चाटण्यातून पोटात जाऊन हे जंत घेतं.

पट्टकृमी : लांब फितीसारखा जंत. तो अख्खा सहसा दिसत नाही. त्याचे तुकडे गळून पडतात आणि तेच आपल्याला दिसतात. मांजराच्या शेपटीखाली, किंवा ते झोपतं त्या चादरीवर तांदळाच्या दाण्यासारखे काही दिसलं, ताजं असताना ते जरासं वळवळलं, तर तो पट्टकृमी. याचा सर्वांत नेहमीचा प्रकार पिसवांमधून येतो. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि पिसवेच्या पोटातली जंताची अळी मांजराच्या पोटात वाढते. दुसरा एक प्रकार उंदरांतून येतो.

अंकुशकृमी : दोऱ्यासारखा बारीक, जेमतेम सेंटिमीटरभर. आतड्याला चिकटून रक्त पितो. हा विष्ठेत सहसा दिसतच नाही. हिरड्या फिक्या पडणं, काळपट शी होणं, पिल्लू मलूल होणं एवढंच दिसतं. याची अळी ओल्या मातीतून कातडीवाटेही शरीरात शिरते.

एकपेशीय परजीवी : जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे जंत नाहीत, डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. यांच्यामुळे पातळ, घाण वासाची, शेंबडासारखा चिकट भाग असलेली, कधी रक्त पडलेली हगवण लागते. दुकानातून आणलेलं नेहमीचं जंताचं औषध यातल्या बऱ्याच प्रकारांवर चालत नाही. म्हणून औषध पाजूनही हगवण थांबत नसेल तर तेच औषध पुन्हा पाजत बसू नये.

एक गैरसमजही इथेच दूर करू. अंगावर गोल चट्टा पडून केस गेले की काही जण 'रिंगवर्म' झाला म्हणतात आणि नावात 'वर्म' आहे म्हणून जंताची गोळी देतात. तो जंत नाही, गजकर्ण आहे, म्हणजे बुरशी. त्याचा इलाज वेगळा.

घरात ओळखायचं कसं?

मोठ्या मांजरात जंत असूनही महिनोन्महिने बाहेरून काहीच दिसत नाही, असं बरेचदा होतं. म्हणून जंत दिसले नाहीत म्हणजे नाहीतच, असं समजू नये. तरीही पुढच्या खुणांवर नजर ठेवावी :

- खाणं नीट, तरी वजन वाढत नाही किंवा कमी होतंय.
- पोट फुगलेलं, पाठीचे मणके हाताला लागतात.
- अंगावरचे केस रुक्ष, उभे राहिलेले, चमक गेलेली.
- मधूनमधून उलटी, सैल शी, शीमध्ये रक्त किंवा चिकट भाग.
- हिरड्या गुलाबी न दिसता फिक्या, पांढरट.
- ढुंगण जमिनीवर घासणं किंवा सारखं चाटणं.
- पिल्लू खेळत नाही, कोपऱ्यात बसून राहतं.

यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या आजारातही दिसू शकतं. म्हणून खरी ओळख विष्ठेच्या तपासणीतून होते.

विष्ठेची तपासणी : सोपी आणि उपयोगी

तपासणी करणारे विष्ठेचा थोडा भाग मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात कालवतात. जंतांची अंडी हलकी असतात, ती वर तरंगतात. ती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की कोणता जंत आहे ते कळतं. नमुना नेताना एवढं पाळा : शी ताजी असावी, चमचाभर पुरे, स्वच्छ झाकणाच्या डबीत घ्या, शक्यतो काही तासांत पोहोचवा. उशीर होणार असेल तर डबी पिशवीत बांधून थंड जागी ठेवा, बर्फात गोठवू नका. डबीवर जनावराचं वय आणि आधी कोणतं औषध कधी दिलं ते लिहा.

तपासणीत काही आलं नाही म्हणजे जंत नाहीतच असं नाही. जंत लहान असताना अंडी घालत नाहीत. पट्टकृमीची अंडी त्याच्या तुकड्यांत बंद असल्याने बरेचदा निसटतात. म्हणून शेपटीखाली दाणे दिसले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, मोबाइलवर फोटो काढून न्या.

आपल्या राज्यात तालुक्या-तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोल्यालाही सरकारी पशुवैद्यकीय शिक्षणाच्या संस्था आहेत. गावाकडे शेळ्या-गुरांसाठी फिरतं पशुवैद्यकीय पथक १९६२ या क्रमांकावर बोलावता येतं.

औषध : वजन, जात आणि तारीख

औषध देताना तीन गोष्टी चुकतात. वजन अंदाजाने धरलं जातं, एका जनावराचं औषध दुसऱ्याला दिलं जातं, आणि दुसरा डोस राहून जातो.

वजन : पिल्लाला भाजीच्या पिशवीत घालून किराणा दुकानातल्या काट्यावर तोलता येतं. मोठं मांजर असेल तर आधी स्वतःचं वजन करा, मग मांजर कडेवर घेऊन करा, फरक म्हणजे मांजराचं वजन. पिल्लाचं वजन दोन आठवड्यांत बदलतं, म्हणून प्रत्येक डोसाआधी पुन्हा तोला.

कोणतं औषध कशावर : पायरँटेल हे गोल जंत आणि अंकुशकृमीवर चालतं, पट्टकृमीवर नाही. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल लागतं. फेनबेंडाझोल बऱ्याच गोल जंतांवर आणि जिआर्डियावरही वापरतात. बाजारात मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, म्हणून खोक्यावरचं नाव नाही तर आतली औषधं बघा. शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी ४०० मिलिग्रॅमची असते, ती माणसाच्या मुलासाठी आहे. मांजरात अल्बेंडाझोलमुळे हाडातल्या मगजावर, म्हणजे जिथे रक्तपेशी तयार होतात तिथे, परिणाम होऊ शकतो. रुमालातली ती अर्धी गोळी म्हणूनच नको होती.

कुत्र्याची पिसवांची पावडर किंवा थेंब मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो. ताप आलाय असं वाटून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका, मांजरासाठी ते विषच आहे. लसूण, तंबाखूचं पाणी, रॉकेलचा थेंब हे 'घरगुती इलाज' अजूनही सांगितले जातात. लसूण-कांद्याने मांजराच्या रक्तपेशी फुटतात आणि तंबाखूतलं निकोटिन जहर आहे. जंत मरायच्या आधी जनावर मरेल.

तारीख : मांजराच्या पिल्लाला साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, आठ आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा औषध देण्याची पद्धत आहे. कुत्र्याच्या पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून. पिल्लांबरोबर त्यांच्या आईलाही द्यायचं, नाहीतर दुधातून पुन्हा लागण होते. बाहेर फिरणाऱ्या, उंदीर पकडणाऱ्या मोठ्या मांजराला वर्षातून साधारण चार वेळा. दुसरा डोस का, तर पहिल्या डोसाने आतड्यातले मोठे जंत मरतात, पण शरीरात फिरणाऱ्या अळ्या राहतात. त्या दोन-तीन आठवड्यांत आतड्यात येऊन मोठ्या होतात.

गोळी द्यायची सोपी रीत म्हणजे शिजवलेल्या खिम्याच्या छोट्या गोळीत दडवून देणं. पातळ औषध असेल तर सुई नसलेल्या सिरिंजने तोंडाच्या बाजूने, थोडं थोडं. डोकं आकाशाकडे ओढून घटाघट ओतू नका, औषध श्वासनळीत जाऊन निमोनिया होतो. औषधानंतर शीमध्ये जंत दिसले, एखाद दिवस शी सैल झाली तर घाबरू नका. पण पिल्लू फार अशक्त असेल, सारखी उलटी करत असेल, पोट दगडासारखं कडक झालं असेल तर लगेच डॉक्टर. पोटात जंतांचा भार फार असेल तर आतडं अडकू शकतं.

शेळी-बोकडाचे जंत

शेळ्यांत सर्वांत घातक जंत चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. लाल आणि पांढऱ्या रंगाचा पिळ असलेला, दोन-तीन सेंटिमीटरचा हा बारीक जंत. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. ऐकायला कमी वाटतं, पण पोटात असे २,००० जंत असतील तर रोज १०० मिलिलिटर रक्त गेलं. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. पावसाळ्याच्या दमट हवेत अंड्यातून निघालेली अळी आठवडाभरात गवतावर चढते आणि चरणाऱ्या शेळीच्या पोटात जाते. जुलै-ऑगस्टमध्ये धडधाकट दिसणारं करडू अचानक का मरतं, याचं कारण बरेचदा हे असतं. याने हगवण लागतेच असं नाही, लेंडी चांगली असूनही रक्त संपत जातं.

ओळखायची जागा म्हणजे डोळा. खालची पापणी हलकेच खाली ओढा आणि उजेडात आतला रंग बघा. लालभडक असेल तर ठीक. फिका गुलाबी असेल तर सावध व्हा. पांढरा असेल तर आजच डॉक्टर बोलवा. दक्षिण आफ्रिकेत याच तपासणीसाठी 'फामाचा' नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला, आणि जगभर शेळी-मेंढीपालक तो वापरतात. दुसरी खूण म्हणजे जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज, जी संध्याकाळी चरून आल्यावर जास्त दिसते.

पाणथळ जागी चरणाऱ्या शेळ्यांत यकृतात राहणारा पानासारखा चपटा जंतही होतो. तो गोगलगायींमधून येतो. लहान करडांना रक्ती हगवण लागली तर बरेचदा ती कॉक्सिडियाची असते, आणि तिचं औषध वेगळं असतं.

महाराष्ट्रात साधारणपणे पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा शेळ्यांना जंतनाशक देण्याची रीत आहे. पावसाळ्यात मध्ये गरज वाटली तर लेंडी तपासून. आयव्हरमेक्टिन हे औषध ज्या शोधातून आलं, त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. पण इतकी चांगली औषधंही अर्धवट डोसाने बोथट होतात. कमी औषधातून जे जंत वाचतात त्यांची पिल्लावळ औषधाला दाद देत नाही. म्हणून सगळ्या शेळ्यांना डोळ्यांच्या अंदाजाने एकाच झाकणाने औषध पाजू नका. गाभण शेळीला सुरुवातीच्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, म्हणून शेळी गाभण असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

कुर्बानीच्या बोकडाबाबत तीन गोष्टी

पहिली गोष्ट खरेदीची. देवनारच्या बाजारात राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून बोकड येतात, लांबचा प्रवास करून. बाजारात बोकड बघताना आपण दात बघतो, शिंगं बघतो, कान बघतो. आता पापणीही बघा. आजारी, खंगलेला बोकड कुर्बानीला चालत नाही हे आपल्याला माहीत आहे, आणि पांढरी पापणी हे आतल्या आजाराचं लक्षण असू शकतं. घरी आधीच्या शेळ्या असतील तर नवा बोकड निदान दोन आठवडे वेगळा बांधा.

दुसरी गोष्ट औषधाची. जंतनाशकाचा अंश काही काळ मांसात आणि दुधात राहतो. औषध दिल्यानंतर किती दिवस मांस किंवा दूध वापरायचं नाही हे लेबलवर लिहिलेलं असतं. हा काळ औषधागणिक काही दिवसांपासून कित्येक आठवड्यांपर्यंत असतो. म्हणून ईदच्या तारखेपासून उलटं मोजा आणि डॉक्टरांना तारीख सांगूनच औषध घ्या. ईदला चार दिवस असताना 'पोट साफ होऊ दे' म्हणून औषध पाजू नका. विकत घेताना आधीच्या मालकालाही विचारा की शेवटचं औषध कधी दिलं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. जनावर कापल्यावर कधी कलेजीत किंवा फुप्फुसात पाणी भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसतात. कधी पोटातल्या चरबीच्या जाळीला पाण्याची पिशवी लटकलेली असते. आपण तो भाग कापून बाजूला टाकतो आणि गल्लीतली कुत्री तो खातात. इथेच चूक होते. कलेजी-फुप्फुसातली ती गाठ कुत्र्याच्या एका अगदी लहान, काही मिलिमीटरच्या पट्टकृमीची असू शकते. गाठीच्या आत त्याची शेकडो बीजं असतात. कुत्र्याने ती खाल्ली की काही आठवड्यांत त्याच्या आतड्यात जंत तयार होतात आणि विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती अंडी कुत्र्याच्या केसांना, मातीला, भाजीला लागतात. मुलाने कुत्र्याला गोंजारलं आणि तोच हात तोंडात घातला की अंडी माणसाच्या पोटात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. कळते तेव्हा बरेचदा ऑपरेशनची वेळ आलेली असते, आणि गाठ आत फुटली तर जिवावर बेतू शकतं. या आजाराला हायडॅटिड म्हणतात. ते मटण खाल्ल्याने हा आजार होत नाही, कुत्र्यामार्गे होतो. म्हणजे साखळी तोडणं आपल्याच हातात आहे.

कसायाला आधीच सांगून ठेवा की गाठ दिसली तर फोडू नका, दाखवा. गाठ असलेला भाग पिशवीत बांधून नगरपालिकेच्या गाडीत द्या. गावाकडे असाल तर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्या-मांजरांना काही घालायचंच असेल तर चांगला भाग, तोही नीट शिजवून. मुक्या जनावराला खाऊ घालणं सवाबचं काम आहे, पण कच्चं आणि गाठीचं घालणं म्हणजे त्यालाही आजार आणि आपल्या मुलांनाही.

घरातली मुलं आणि गरोदर बाई

मांजर-कुत्र्याच्या गोल जंताची अंडी मातीत पडल्यावर काही आठवड्यांनी लागण करण्याजोगी होतात आणि महिनोन्महिने टिकतात. मूल मातीत खेळून तोच हात तोंडात घालतं. माणसाच्या शरीरात हा जंत मोठा होत नाही, पण त्याची अळी यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात जाते. डोळ्यात गेली तर एका डोळ्याची नजर जाऊ शकते. मुलाच्या शी तपासणीत हे सापडत नाही, त्यासाठी रक्ताची तपासणी लागते. म्हणून घरात मांजर-कुत्रं असेल आणि मुलाला बरेच दिवस ताप, खोकला असेल किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर डॉक्टरांना घरात जनावर आहे हे जरूर सांगा.

आपल्या मोहल्ल्यात बांधकामाची वाळू रस्त्याकडेला पडलेली असते. दिवसा मुलं त्यात खेळतात, रात्री मांजरं त्यात शी करतात. त्या ढिगावर ताडपत्री टाकणं एवढा साधा उपाय आहे.

गरोदर बाईबद्दल घरोघरी बोललं जातं की मांजराचे केस पोटात गेले की मूल राहत नाही. केसांचा याच्याशी संबंध नाही. खरा धोका टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय जिवाचा आहे. गरोदरपणात पहिल्यांदा त्याची लागण झाली तर पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. हा जीव मांजराच्या विष्ठेतून पडतो, पण साधारण एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगा होतो. म्हणून मांजराची पेटी रोज साफ करायची, आणि गरोदर बाईने ते काम दुसऱ्याकडे द्यायचं. हाच जीव कच्च्या राहिलेल्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. मांजराला घराबाहेर काढून अर्धंकच्चं कबाब खात राहिलं तर काहीच साधत नाही.

मांजर घरात वावरतं, भांड्याला तोंड लावतं, यावर आपल्या दीनमध्ये सवलत आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण मांजराचं उष्टं वेगळं आणि मांजराची विष्ठा वेगळी. विष्ठा नापाकच आहे. पेटी साफ केल्यावर आधी साबणाने हात, नखांच्या आतपर्यंत, मग वुजू.

जंत होऊ नयेत म्हणून

- मांजराला कच्चे छिछडे घालू नका, उकडून घाला.
- पेटीतली माती रोज काढा. पेटी आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्याने धुवा. गोल जंताची अंडी साध्या फिनाइलने मरत नाहीत.
- पिसवांचा बंदोबस्त करा. मांजराची चादर गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. पिसवा राहिल्या तर पट्टकृमी महिन्याभरात परत येतो.
- शेळ्यांचा गोठा कोरडा ठेवा. चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्या. पहाटेच्या दवात चरायला सोडू नका, कारण ओल्या गवताच्या टोकाला अळ्या जास्त असतात.
- लेंड्या रोज झाडून खड्ड्यात टाका. खत नीट कुजलं की त्या उष्णतेने अंडी मरतात.
- मुलांना अनवाणी मातीत खेळू देऊ नका, नखं बारीक ठेवा. मुलांना शाळेतली जंताची गोळी वेळेवर द्या. पण ती माणसाच्या जंतांसाठी आहे, जनावराच्या औषधाऐवजी नाही.
- घरातल्या कॅलेंडरवर औषध दिल्याची तारीख, जनावराचं वजन, औषधाचं नाव आणि पुढची तारीख लिहा.

त्या सहावीतल्या मुलीची गोष्ट पूर्ण करतो. दुसऱ्या दिवशी तिचे अब्बू पिल्लाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. वजन भरलं ६०० ग्रॅम. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. दोन आठवड्यांनी मुलीने वहीचं एक पान आम्हाला आणून दाखवलं. त्यावर दोन तारखा आणि दोन वजनं लिहिली होती. दुसरं वजन ७५० ग्रॅम होतं, आणि खाली तिसऱ्या डोसाची तारीख लाल पेनाने.